साखरेच्या डब्याला कुलूप

ता. १४, मंगळवार

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तुझं घर सोडून दुकानामागच्या खोलीत राहायला आलो तेव्हापासून लिहीन म्हणतो, पण कागद घेतला की राग उफाळून येतो. आजही येतोय. जावईबापूंना नमस्कार. मुलांना पापा. गोड पापा लिहीत नाही, तू तेही मोजशील.

बापाच्या डोळ्यांदेखत साखरेच्या डब्याला कुलूप लावलंस. वर मुलांना सांगितलंस, "आजोबा चोरून खातात, लक्ष ठेवा." धाकटा माझ्यामागून स्वयंपाकघरापर्यंत यायचा, हवालदारासारखा. म्हाताऱ्याने पाणी प्यायचं तरी पहारा! जन्मभर लोकांची कापडं शिवली, उरलेली चिंधीसुद्धा ज्याची त्याला परत दिली. आणि मी चोर?

आता ऐक. पायाच्या अंगठ्याची ती जखम काही भरेना. पायाचे डॉक्टर प्रत्येक खेपेला खेकसायचे, "आजोबा, साखर उतरत नाही. खरं सांगा, काय खाता?" तेही तुझ्याच पक्षाचे. मग गाल सुजला म्हणून दातांच्या डॉक्टरणीकडे गेलो. कालची पोर. तोंडात बघितलं आणि म्हणाली, "अहो आजोबा, हिरड्यांत पू आहे. किती दिवस अंगावर काढलंत? तोंडात असं सडत असलं की साखर आटोक्यात येत नाही, आणि साखर चढलेली असली की हिरड्या आणखी बिघडतात. मग पायाची जखम कशी भरेल?"

मी म्हटलं, "बाई, मी अंगठ्यासाठी रडतोय आणि तुम्ही दाढा कसल्या दाखवता?"

"रक्त एकच आहे ना, आजोबा?"

मग हे आधी कुणी सांगायचं? पायाचा डॉक्टर 'तोंड उघडा' म्हणत नाही. मी काय उसवलेला कोट आहे, बाही एकाने घ्यायची आणि कॉलर दुसऱ्याने? आणि तू, सरळ कुलूप!

इथेच सही करून पाकीट चिकटवणार होतो. पण त्या पोरीने विचारलं, "मग जेवत कसे होता?"

घास चावत नव्हता. तुम्ही सगळे बाहेर पडलात की मुलांची बिस्किटं चहात बुडवून खायचो. साखरेला हात लावला नाही, शपथ. बिस्किटांची शपथ घेत नाही.

दात दुखतो म्हणून सांगितलं असतं तर तू ओढत नेलं असतंस. पुढचे दोन गेले असते तर? दोरा मी त्यांनीच तोडतो, टाचण्या त्यांतच धरतो. बोळक्या शिंप्याला कापड कोण देतं? दात राखले, आणि आता पायाचे डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर अंगठा काढावा लागेल. मशीनचं पायडल त्याच पायाने चालतं. लहानपणी तू त्याच पायावर बसून झोके घ्यायचीस, शिवण वाकडी व्हायची.

पुढच्या गुरुवारी दाढा काढायच्या आहेत. पुढचे दोनही हलतात, राहतील की नाही सांगता येत नाही म्हणाली. "बरोबर घरचं कुणी आणा." मी "हो, आणतो की" म्हणून जिना उतरलो. खाली येऊन बराच वेळ पायरीवर बसलो.

आणखी एक. तूही दोरा दातानेच तोडतेस, माझीच खोड. आणि चूळ भरलीस की लाल पाणी दिसू नये म्हणून नळ सोडून ठेवतेस. मी बघितलंय. बापावर पहारा ठेवतेस, स्वतःवर कोण ठेवणार? गुरुवारी माझ्याबरोबर तिथे आलीस तर तुझंही तोंड दाखवू.

कुलूप काढू नकोस, माझा मला भरवसा नाही. रागाने लिहायचं तर रागाने लिही, शिव्या घाल. पण येतेस की नाही, तेवढं गुरुवारच्या आत कळव. वाट बघतोय.

तुझा चोर बाप