तुमच्या जाळीवर माझ्या फळ्या

अप्पा, तुमच्या कुंपणाच्या जाळीवर मी काल लाकडी फळ्या ठोकल्या. तुम्ही असता तर ठोकू दिल्या नसत्या, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच हातोडी जरा जोरात चालली. बनशंकरीत आपल्या आजूबाजूचे सगळे विटांचं कंपाउंड घालत होते तेव्हा तुम्ही तारेची जाळी आणलीत. "लपवण्यासारखं काही नाही त्याला भिंत कशाला?" असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचात. सरकारी कारखान्यातल्या इंजिनियराचं घर, ते आरपार दिसलं पाहिजे. दिसायचंच. गणितात गुण कमी पडले की तुम्ही मला अंगणात उभं करायचात, तेही सगळ्या गल्लीला दिसायचं.

फळ्या आईसाठी लावल्या. तिला आता फारसं काही आठवत नाही. दुपारी अंघोळ झाली की कधीकधी नुसत्या परकरावर मागच्या अंगणात येते आणि जाळीला धरून उभी राहते. पलीकडे शेजारच्या अक्कांचं घर होतं तिथे आता चार मजली पीजी झालंय, भाड्याने राहणाऱ्या पोरांचं. गेल्या महिन्यात त्याच्या जिन्यात एकजण फोन आडवा धरून उभा दिसला. आईचंच चित्रण करत होता की आणखी कशाचं, देव जाणे. मी ओरडले तसा तो आत गेला. आई त्याच्याकडे बघून हसत होती. जन्मभर खांद्यावरचा पदर ढळू न देणारी बाई, अप्पा. मला त्या माणसापेक्षा तुमचा राग आला.

भिंत बांधणं परवडणारं नव्हतं. म्हणून जुन्या लाकडाच्या वखारीतून मशिनच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या, तुमच्या कारखान्यात यायची तशीच खोकी. वखारवाले अण्णा आधी खांब बघायला आले. "खांब वाकडे असले तर सगळं वेस्ट, मॅडम," म्हणाले. ओळंबा लावून पाहिला, पुन्हा पाहिला. "सरी आहेत, एकदम सरळ. कोणी उभे केले? आता कोण एवढं नीट करतं!" मी फळ्या मोजायला घेतल्या. तुमचं कौतुक माझ्या तोंडून व्हायचं तेवढंच राहिलं होतं. मग त्याच खांबांना क्लँप आवळून आडव्या पट्ट्या बसवल्या आणि त्यांच्यावर उभ्या फळ्या. अण्णांनी बजावलं होतं, खाली स्वल्प जागा सोडा, जमिनीला लाकूड टेकलं की वाळवी धरते. गॅरेजमधून जळकं ऑइल मागून आणलं होतं आणि ठोकण्याआधीच फळ्यांना दोनदा फासलं होतं. त्या वासाने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मधल्या खांबापाशी आले आणि हात थांबला. तिथे खाली जाळीला अजून तुमची तार आहे, तुम्ही पकडीने पिळून बांधलेली.

मी पाचवीत आहे. जाळीवर दोडक्याचा दाट वेल आहे आणि दुपारी त्याच्या आडोशाला आई पाट टाकून बसते. खाली जाळी जरा उचकटलेली आहे. तिथून शेजारच्या अक्का एकेक साडी सरकवतात, आई तिला फॉल लावते आणि परत सरकवते. अक्का ओळखीपाळखीतून काम आणतात. आई मोडक्या कन्नडात काहीतरी सांगते आणि दोघी तोंडाला पदर लावून हसतात. घरात मी तिला तसं हसताना पाहिलेलं नाही. "अप्पांना माहीत आहे?" मी विचारते. "ह्यांना दिसू नये म्हणून तर वेल लावला," आई म्हणते आणि दाताने दोरा तोडते.

एका संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरलात ते बुटांसकट मागच्या अंगणात गेलात आणि तो वेल मुळापासून ओढून काढलात. "ऑफिसरची बायको लोकांच्या साड्या शिवते? तेही कुंपणाच्या फटीतून?" आवाज चढवला नव्हतात, तुम्हाला कधी चढवावा लागलाच नाही. मग पकड आणून फट बांधलीत. आईने वेलावरचे दोडके तोडून आणले आणि रात्री त्यांचीच भाजी केली. तुम्ही म्हणालात, मीठ कमी आहे. त्यानंतर तिने सुई हातात धरली नाही, स्वतःच्या साडीचा फॉलसुद्धा दुकानातून लावून आणायची. अक्कांनीच चहाडी केली असं तिच्या मनाने घेतलं आणि ती त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. अक्का वारल्या तेव्हाही त्यांच्या दारापर्यंतच गेली.

काल शेवटची फळी बसली तेव्हा आई बाहेर आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत गेली आणि मला म्हणाली, "आता ह्यांना दिसणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही दिसणार." मग ती फळ्यांना पाठ लावून खाली बसली. "अक्कांना सांग, साडी दे म्हणावं." मी माझीच एक साडी आणली, फॉल आणला. तिने तो उलट्या बाजूने लावला. मी तसाच राहू दिला आहे.

आता एवढंच. वेल उपटलात त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला कंपासपेटी आणली होतीत. पितळी कर्कटक होतं तिच्यात. ती माझ्या हातात देताना तुम्ही अगदी सहज विचारलंत, "आई दुपारी काय करते गं?" आणि मी पेटी उघडता उघडता सगळं सांगून टाकलं. हे फक्त तुम्हाला माहीत होतं. आईला तुम्ही ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत, मला वाचवायला की त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही म्हणून, ते मला कळत नाही. तुमच्यातली एवढी एकच गोष्ट आहे जिच्यावर मला रागावता येत नाही, आणि त्याचाच मला राग येतो. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही म्हणून तर लिहिते आहे. काल आई अक्कांची साडी मागत होती, म्हणजे तो अबोलासुद्धा ती विसरली. निदान तेव्हा तरी मी तिला सांगायला हवं होतं, की चहाडी अक्कांनी केली नव्हती.

मी नुसती सुई ओवून दिली.