ड्रायव्हरचं झाकण

सोमवार, ३ नोव्हेंबर

आलो एकदाचा गुहागरला. नगरहून निघताना मित्रांनी चिडवून घेतलं. म्हणे, कोकणात लोक सुपाऱ्या फोडून दात मोडतात, तुला कामाची ददात नाही. खरंच नसावी. मी दातांच्या लॅबमधला माणूस. कॅप, ब्रिज, कवळ्या बनवतो. इथल्या डॉक्टरांनी दवाखान्यामागची खोली लॅबसाठी दिली आहे, आणि राहायला भिकाजी शिगवण यांच्या घरची पडवीतली खोली बघून ठेवली होती.

घर चिऱ्याचं, बुटकं, मागे पोफळीची बाग. भिकाजीकाका त्याच बागेत मालकाकडे कामाला आहेत. खोलीला उत्तरेची खिडकी आहे, म्हणजे बारीक कामाला दिवसभर सारखा उजेड. सगुणाकाकूंनी आधी जेवलास काय रं असं विचारलं, मग काय काय खातोस ते, आणि तिसरी तांदळाची भाकरी ताटात पडल्यावर नाव विचारलं. गुरुप्रसाद म्हटल्यावर म्हणाल्या, एवढं लांब कोण हाक मारील, आणि माझा प्रसाद करून टाकला. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. न विचारता ताटात भाकरी वाढणारं माणूस त्यानंतर आज भेटलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

सामानात कपडे कमी आणि एक भलामोठा खोका. त्यात रणगाड्याच्या प्रतिकृतीचे सुटे भाग आहेत. भिकाजीकाकांनी तो हौसेने उचलला, वरचं चित्र पाहिलं, आणि तिथेच ओट्यावर ठेवून आत निघून गेले. आत नुसतं प्लास्टिक आहे, वजन काहीच नाही. गुडघे दुखत असतील त्यांचे.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज सुट्टी. सकाळपासून रणगाडा जोडतोय. टी-७२, आपल्या सैन्यात त्याला अजेय म्हणतात. खऱ्याच्या पस्तीस पट लहान, तरी हातभर टेबल अडवतो. नगरला लहानपणी लष्कराच्या रस्त्याने हे जायचे तेव्हा आमच्या खिडकीची काच थरथरायची. तेव्हापासूनचं वेड आहे. कवळीचं मेण कोरायची हत्यारं इथे फार कामाला येतात, आणि डोक्याला बांधायचं भिंग तर दोन्ही धंद्यांना एकच.

काकू सुपारी सोलत दारात बसून बघत होत्या. ड्रायव्हर कुठे बसतो, असं विचारलं. मी पुढचं, सदऱ्याच्या बटणाएवढं झाकण दाखवलं, तोफेच्या नळीच्या बरोबर खाली. त्यांनी मान हलवली. बायकांना यात काय गोडी, असं मला वाटत होतं, पण त्या जेवणाची वेळ होईपर्यंत हलल्या नाहीत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

एक गंमत. बुरूज मी अजून चिकटवलेला नाही, नुसता बसवलाय, त्यामुळे फिरतो. फोटोला नळी सरळ पुढे शोभते म्हणून तशी ठेवून कामाला जातो. परत येतो तेव्हा ती बाजूला वळवलेली असते. काकू केर काढताना करतात. आज हसत हसत म्हटलं, काकू, माझी तोफ कुणावर रोखताय? त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, त्याला वाट नको काय.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज कळलं. मला आधीच समजायला हवं होतं.

त्यांचा मुलगा नितेश रणगाड्याचा ड्रायव्हर होता. सहा वर्षांपूर्वी लांब राजस्थानात सराव चालू असताना तळ्याचा काठ खचला आणि रणगाडा पाण्यात गेला. बुरुजातले दोघं वरून निघाले. नितेशच्या झाकणावर नळी येऊन थांबली होती, त्यामुळे ते उघडेना. रणगाडा वर काढायला फार दिवस लागले. त्याचा एक सोबती नंतर घरी आला होता, त्याने जमिनीवर करवंटी आणि काडी ठेवून काकूंना हे समजावून सांगितलं. पेटी घरी आली ती बंद. उघडायची नाही असा हुकूम आहे, असं काकांनी सांगितलं. काकूंनी पेटीच्या फळीवर हात फिरवला आणि पोराला निरोप दिला. दहाव्याला कावळा शिवला नाही. बहिणीचं लग्न करून देऊ म्हणून झालं, आईला सांभाळू म्हणून झालं, दुपार कलली, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

काकूंनी हे सगळं सुपारी सोलता सोलता सांगितलं. मग आतल्या खोलीतून त्याचा फोटो आणला. हसरा मुलगा, पुढचा एक दात कोपऱ्यात तुटलेला. म्हणाल्या, ह्याला बसव ना रं आतमध्ये. झाकण उघडं ठेव. मला खोका बंद करून टाकावासा वाटत होता. पण त्यांना नाही म्हणणं मला कसं जमणार? हो म्हटलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

नितेश झाला. कवळीच्या मेणाचा केला, डोकं तुरीच्या दाण्याएवढं. भिंगाखाली बघितलं तर चेहरा फोटोतलाच आला आहे, असं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. आत बसवला, झाकण उघडं, नळी बाजूला. काकूंना नुसत्या डोळ्यांनी तो ठिपकाच दिसतो, तरी जाता येता बोलतात त्याच्याशी. आज बांगडा केला होता, त्यालाही सांगितलं. काका पडवीत पाऊल टाकत नाहीत.

आता रणगाड्यावर पावसाळे चढवायचे. हा माझाच शब्द. नवीकोरी वस्तू खोटी वाटते, म्हणून तिच्यावर ऊन, पाऊस, धूळ, गंज हे सगळं हाताने आणायचं. आधी गंजाचा रंग दिला, त्यावर ओलं करून मीठ भुरभुरलं, वरून हिरवा रंग. वाळल्यावर मीठ घासून काढलं की तेवढ्या जागी पोपडे उडाल्यासारखा गंज दिसतो. सांध्यांमध्ये पातळ काळा रंग सोडला. शेवटी पट्ट्यांना चिखल. वाळूचा रंग जवळ नव्हता, तेव्हा अंगणातली तांबडी मातीच वस्त्रगाळ करून लावली. कोकणात आलेला पहिला अजेय.

सोमवार, २४ नोव्हेंबर

दुपारी जेवायला आलो तर पट्ट्यांवर तांबडी माती नाही. पिवळट पांढरा चिकट गाळ आहे, ओला. असली माती या गावात मी पाहिलेली नाही. काकूंनी हात लावलेला नाही, त्या बाजारात होत्या. पुसून परत तांबडी लावली.

बुधवार, २६ नोव्हेंबर

गाळ परत आला, आणि चाकांच्या वरपर्यंत चढला आहे. अंगावर पाण्याची रेघ उमटली आहे, टाकीतलं पाणी खाली गेल्यावर उमटते तशी. जिथे मी मीठ टाकलं नव्हतं तिथेही गंज आहे. मी जे हाताने खोटं आणतो ते इथे आपोआप खरं येतंय.

भिंग लावून नितेशकडे पाहिलं. चेहरा सुजला आहे. मेण उन्हाने मऊ झालं असेल, असं स्वतःला सांगितलं. पण खिडकी उत्तरेची आहे, तिथे ऊन येतच नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

काकूंनी आज भिंग मागितलं. एकदा त्याचं तोंड नीट बघते म्हणाल्या. मी भिंग दवाखान्यात राहिलं असं सांगितलं. ते माझ्या खिशात होतं.

आज चेहरा पांढरा आहे आणि ओठांच्या जागी ओठ नाहीत. दात दिसतात. मी दात कोरलेच नव्हते. पुढचा एक कोपऱ्यात तुटलेला आहे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

भिकाजीकाका दवाखान्यात आले. दातासाठी नाही. बाहेरच्या बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग सांगितलं. हुकूम बिकूम काही नव्हता. ओळख पटवायला त्यांनाच नेलं होतं. तोंड राहिलं नव्हतं, दातावरून ओळखला. घरी येईपर्यंत त्यांनी ठरवलं की हे सगुणेला दिसता नये, आणि पेटी बंदच राहिली. कावळा का शिवत नाय ते मला ठाव होतं, म्हणाले. पोराला आयशीस भेटायचं होतं. तेवढं एक मी बोललो नाय.

खिडकीतून त्यांनीही आज बघितलं आहे, तो पांढरा ठिपका त्यांनी भिंगाशिवाय ओळखला. म्हणाले, झाकण लाव बाबा, कायमचं लाव. तिनं बघितलं तर ती मरंल.

त्यांचं मला पटलं. मला माझ्या आईचा चेहरा शेवटचा तेवढाच आठवतो, नाकात कापूस घातलेला. सगळ्यांनी पुढे ढकलून दाखवला होता. त्याआधीची हसणारी आई किती आठवायला गेलो तरी येत नाही. काकूंचं तसं होऊ नये.

शनिवार, २९ नोव्हेंबर

काकू नदीवर गेल्या असताना झाकण लावलं. हा डिंक नुसता चिकटवत नाही, प्लास्टिक वितळवून एकजीव करतो. बुरूजही चिकटवला, नळी पुढे, झाकणाच्या बरोबर वर. झाकण खाली येताना आतून काहीतरी बोटाला टेकलं. मऊ.

काकू आल्या, बघितलं. मला वाटलं बोल लावतील. पण त्यांनी ताट वाढलं आणि त्या पडवीत येऊन बसल्या.

रविवार, ३० नोव्हेंबर

दुपारी बाग सुनी झाली की आवाज येतो. टक टक. सुपारी जमिनीवर पडावी एवढा. टेबलावरून येतो.

काकूंनी तो माझ्या आधी ऐकला होता.

मंगळवार, २ डिसेंबर

काकूंनी काल सकाळपासून अन्न घेतलेलं नाही. नळीखाली बोट घालून बसतात. टक टक झालं की त्याही नखाने टक टक करतात. हाय मी, म्हणतात, जात नाय कुठं.

मी काकूंसाठी, आईसाठी म्हणून जे केलं ते —

ओलं झालंय टेबल. पाणी गोडं आहे, गाळाचा वास आहे. दुपारी आवाज फार वाढतो. थांबतो. परत सुरू होतो. थांबतो तेव्हा जास्त भीती वाटते.

गुरुवार, ४ डिसेंबर

काकांनीच सांगितलं काकूंना. सगळं. तोंड, दात, हुकूम नव्हता ते. माझ्यासमोर.

काकूंनी त्यांना पाणी दिलं. म्हणाल्या, तुम्ही एकट्यानं बघितलंत. एवढी वरसं एकट्यानं. मग म्हणाल्या, झालं तोंड तसलं तरी माझंच हाय ना.

माझ्याकडे हात केला. भिंग दिलं मी. आता नाही म्हणायला तोंड नाही मला.

उद्या उघडतो.

शुक्रवार, ५ डिसेंबर

दुपार. नळी करवतीने कापली. झाकणाच्या कडेने पातं फिरवलं. जरा सैल झालं — पुढचं आतून ढकललं गेलं.

पाणी येतंय. एवढ्याशा पोटात मावणार नाही इतकं. टेबलावरून खाली, पडवीभर. काका भिंतीकडे तोंड करून. काकूंनी भिंग लावलंय. मी तिकडे बघत नाही, बघवत नाही, म्हणून लिहितोय.

काकू रडत नाहीत. हसल्या. दात तसाच हाय म्हणाल्या.

किती गार पडलास रं, म्हणतात. धर बोट धर म्हणतात. करंगळी झाकणात —

धरली त्याने.

ओढतायत. तो येत नाही. काकूंचाच हात आत — मनगट — बटणाएवढं भोक आहे ते, मनगट कसं —

काका धावले. मीही —

सोडवू नका म्हणतायत. शांतपणे म्हणतायत. सोडवू नका, आता परत त्याला एकट्याला