कडी आतून लावलेली

४ फेब्रुवारी
मिळालं एकदाचं घर. पहिला मजला, एकच खोली, पण ऐसपैस. नळाला धो धो पाणी, आणि भिंतीतलं कपाट एवढं मोठं की माझे सगळे कपडे मावून वर जागा उरली. मी रात्रपाळीची नर्स, दिवसा झोपणार, म्हणून घरमालकांनी जाड पडदे स्वतः लावून दिले. मला काकाच म्हणा, म्हणाले. शेजारची खोली त्यांच्या अडगळीची, कायम बंद. म्हणजे शेजाऱ्यांची कटकट नाही. ताईला फोनवर सगळं घर फिरवून दाखवलं. ती म्हणाली, नशीब काढलंस.

८ फेब्रुवारी
दुपारी जाग आली तर खिडकीजवळची खुर्ची पलंगाला लागून होती. मीच ओढली असेन, पाळीवरून येते तेव्हा माझं मला भान नसतं. परत जागेवर ठेवायला उचलली, तर बैठक कोमट लागली. पडदे बंद होते. ऊन कुठलं?

१२ फेब्रुवारी
आज पुन्हा खुर्ची. काकांकडे गेले, दुसरी किल्ली कुणाकडे असते विचारलं. त्यांनी हसण्यावारी नेलं. एकट्या बायकांना भास होतात म्हणे. कुलूप बदलायला साफ नकार. वर सल्ला दिला, डाव्या कुशीवर झोपत जाऊ नका, वाईट स्वप्नं पडतात.
मी डाव्या कुशीवर झोपते हे यांना कुणी सांगितलं?
तशीच गेले आणि चावीवाल्याला घेऊन आले. नवं कुलूप, आतून जाड कडी, साखळी. त्यांचा नकार गेला खड्ड्यात.

१३ फेब्रुवारी
ताई म्हणते, आजच्या आज निघ. खालच्या शिंपीणबाईंनी सांगितलं, आधीची भाडेकरू अशीच तडकाफडकी गेली, सामान न्यायलासुद्धा फिरकली नाही. मी गेले तर काका उद्या आणखी कुणाला तरी पडदे लावून देतील.
जाणार नाही.

१५ फेब्रुवारी
कडी लावलेली. साखळी लावलेली. खुर्ची पलंगापाशी.
म्हणजे दारातून नाही —
कपाटातले कपडे बाहेर फेकले. मागची फळी ढकलली. सरकली. पलीकडे ती बंद खोली. जमिनीवर चटई, पाण्याची बाटली, अर्धवट जेवलेलं ताट. अन्न अजून ओलं.

१६ फेब्रुवारी
चौकीत पोलिसांनी आधी काकांच्या सज्जनपणाचे गोडवे ऐकवले. मी फळीचे फोटो टेबलावर ठेवले. मग दुपारी येतो म्हणाले.
वरच्या मजल्यावर दोघी बहिणी राहतात, कॉलेजात शिकतात. त्यांनी आपलं कपाट तपासलं. तिथेही सरकती फळी. धाकटी रडली. थोरलीने हातोडा आणला. शिंपीणबाई मोठी कात्री घेऊन वर आल्या. सामान एकीनेही बांधलं नाही.

१६ फेब्रुवारी, दुपार
चौघी माझ्या खोलीत, काका कपाटातून आले की धरायला. पोलिसांसाठी दाराची कडी काढून ठेवलीय. मी अंथरुणात, झोपल्याचं सोंग, वही पांघरुणाआड —
खाली गाडी थांबली. जिन्यात काकांचा आवाज. पोलिसांशी हुज्जत घालतायत.
कपाटात हँगर सरकले.
काका तर जिन्यात आहेत —
धाकटीने माझा दंड घट्ट धरलाय. मग हा कोण —
कुणी का असेना. भाडं मी भरते. खोली माझी. उठून बसलेय. कपाटाचं दार आतून उघडतंय — बोटं — मी मोठ्याने सांगितलं, ये बाहेर, तोंड दाखव, आम्ही चौघी इथेच —