प्रवास चालू

नाशिक
६ फेब्रुवारी २०२०

ती. उज्वलाताईंना सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. ह्यांची भाड्याच्या सायकलींची कंपनी बंद झाली. सुरुवातीला कॉलेज रोडच्या स्टँडवर सायकलीसाठी भांडणं व्हायची. मग कुणी सीट पळवली, कुणी सायकल गोदावरीत टाकली. हे दुरुस्त करून उभ्या करायचे, लोक पुन्हा मोडायचे.

दिवाळीनंतर सोमेश्वरला हे तपासणीच्या फेरीतच कोसळले, ते कायमचेच. ती फेरी ह्यांच्या मोबाइलवर अजून ‘प्रवास चालू’ अशी दिसते. सायकलचं कुलूप हाताने दाबलं तरच ती संपते, आणि ते कुणी दाबलंच नाही. आता निरोप आलाय, की पुढच्या शुक्रवारी ॲप बंद होईल, चालू प्रवास रद्द होतील. रद्द हा शब्द मला सोसत नाही. काय करू, कळवा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून,
सविता

वणी
१२ फेब्रुवारी

चि. सौ. सविता हिस अ. आ.

पोस्टाने शुक्रवार उलटेल, म्हणून भाजीच्या गाडीतून रावजींबरोबर पाठवते. किशोर सायकल शिकताना आमच्या कांद्याच्या चाळीत घुसला होता. पण कुलूप लावल्याशिवाय कधी घरात आला नाही. आई ताट वाढून हाका मारायची, हा कुलूप ओढून बघत उभा. मी त्याला वॉचमन म्हणून चिडवायची. त्याची सायकल उघडी ठेवू नकोस. जा, लाव. आणि जेवण टाळत असशील तर येऊन कान पकडीन.

तुझीच,
उज्वलाताई

नाशिक
१५ फेब्रुवारी

ती. उज्वलाताईंना सा. न.

काल मी कंपनीच्या यार्डात गेले. भंगारात काढलेल्या सायकलींनी ट्रक भरत होता. भंगारवाला म्हणाला, बाई, सगळ्या सारख्याच, कुठलीही घ्या. ह्यांच्या सायकलच्या घंटीला दसऱ्याच्या झेंडूचा दोरा होता. त्यावरून ओळखली, पण ती ट्रकवर चढली होती. उतरवायला लावली. कुलूप गंजलेलं. दोन्ही तळव्यांनी जोर लावला, तेव्हा लागलं. मोबाइलला रेंज नव्हती. नुसतं गोल फिरत राहिलं. भंगारवालाही हातातली सायकल खाली ठेवून माझ्या हाताकडे बघत होता.

मग ‘प्रवास संपला’ असं आलं.

मी कुलूप एकदा ओढून बघितलं. त्यांनी सायकल नेली, मी अडवलं नाही.

ताई, सवयीने तुम्ही सौ. लिहिलंत. वाचून बरं वाटलं होतं. पुढच्या पत्रात लिहू नका.

माया मात्र तेवढीच राहू द्या.
सविता