पडदा पुसणारी ओळ

१९ जुलै, संध्याकाळ

प्रिय आयझिरेक,

तू वर सरोवरावर ठीक असशील. इथे माझी आई बरी आहे, जर्दाळू पिकलेत, कॉलेज सोडल्याचे टोमणे चालूच आहेत. तू माझा नंबर बंद केलास, म्हणून हे पत्र. पहाटे ड्रायव्हर सागिनबाइके जीपमधून तुझ्या ठाण्यावर पाव आणि डिझेल घेऊन निघेल, त्याच्याकडे देतोय.

आठवडाभर ऊन कडक आहे, बर्फ वितळून नदी फुगायला हवी, तरी ती आटतेय. म्हातारे पुलावर उभे राहून म्हणतात, पाणी वर कुठेतरी अडलंय.

महिन्यापूर्वी तुझ्या वाढदिवसाला ठाण्यावरच्या कॉम्प्युटरवर मी बसवलेलं चालतंय ना? काळी खिडकी उघडली की कधी हिमबिबट्या, कधी कोल्हा. त्यात जादू काही नाही. चित्रं आधीच मजकुराच्या फायलींत करून ठेवलीत: एका अक्षराच्या जागेत दोन ठिपके, वरच्या अर्ध्याला एक रंग, खालच्याला दुसरा. खिडकी उघडली की प्रोग्रॅम त्यातली एक फाइल चिठ्ठीसारखी उचलतो आणि ओळीओळीने छापतो.

पण छापण्याआधी तो पडदा पुसतो. ती ओळ मी मुद्दाम घातली. खिडकीच्या माथ्यावर 'याआधी बसलेला: नुर्दीन' असं येई. माझ्या बिबट्याच्या डोक्यावर ठाण्यावरच्या तुझ्या सोबत्याचं नाव मला बघवेना.

सरोवराच्या पातळीचा इशाराही तिथेच येतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

काल नुर्दीन भेटला, बहिणीच्या वऱ्हाडाबरोबर ओश शहराच्या बसमध्ये चढताना. म्हणाला, "काय रे अर्धवट इंजिनियर? आयझिरेक म्हणते, मी खाली आल्यापासून महिनाभर एक इशारा नाही. मी असताना दिवसाआड यायचा. नशीबवान आहे पोरगी."

माझी ओळ इशारेही पुसतेय, हे मला तिथल्या तिथे कळलं. सांगता आलं असतं. पण त्याच्यापुढे तोंड उघडेना, आणि बस गेली.

आज सकाळी तुझ्या कचेरीत फोन केला. साहेब म्हणाले, "मागे तिला खाली बोलवायला तिची आई मरायला टेकवलीस. आज सरोवर फोडलंस का?" आणि ठेवला. मागचं खोटं होतं, हे मी तुला कधी कबूल केलं नव्हतं.

खिडकी उघडताना चालते त्या सुरुवातीच्या फायलीतली शेवटची ओळ काढ; तिनेच माझा प्रोग्रॅम सुरू होतो. खिडकी पुन्हा उघड. दिसेल तो आकडा वाच आणि वायरलेसवर खाली कळव.

आईला मी टेकडीवर मामाकडे नेतोय. तुझ्या आईकडेही गेलो होतो. तिने चहा दिला, पण जागची हलेना. म्हणाली, "माझी लेक वर बसलीय ना बघायला. काही असलं तर ती आधी मला सांगेल."

इथवर बसून वाचलं असशील, तर आता ऊठ.

बेक्तूर