देणाऱ्याचं पान

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला लगेच बसलो होतो, पण तेवढ्यात गोदामाच्या पत्र्यावर पारवे भांडायला लागले, ते बघत बसलो आणि राहूनच गेलं. तुला सवय आहे. अक्षराबद्दल मात्र काही बोलू नकोस. आधीच कावळ्याचे पाय, त्यात आता पेन मुठीत धरून लिहितोय. का ते सांगतो.

तू लिहिलंस की तू काढतेयस ते मुलांचं चित्रांचं पुस्तक शेवटच्या पानाशी अडलंय. आपणच लहानपणी अंथरुणात रचलेली गोष्ट. ना कुत्रा ना अस्वल असं एक जनावर कुंपणाबाहेर बसलेलं असतं. मुलगा त्याला स्वेटर देतो, ते दोन पायांवर उभं राहतं. आपल्यातला घास देतो, त्याला बोटं फुटतात. शेवटी मुलगा त्याला स्वतःचं नाव देतो आणि ते घरी जायला निघतं. शेजारच्या चिमुरडीनं चित्रं बघून विचारलं, मग त्या मुलाचं काय झालं? तेव्हापासून म्हणे तुझा कुंचला हलत नाही. पोरगी हुशार आहे. आपल्या दोघांना एवढ्या वर्षांत हे सुचलं नाही.

सध्या मी लोकरीच्या गोदामात आहे. गाठोडी उतरवायची, लोकरीतल्या काड्या न् काटे वेचायचे, चांगली लोकर एकीकडे, भरड एकीकडे. इथल्या मुकादमाला मी तू ठेवलेलं नावच सांगितलं, भिंगऱ्या. तो म्हणाला, शोभतंय, महिनाभर टिकलास तरी पुष्कळ. माणूस बरा आहे. खोकतो फार, आणि खोकून झालं की आमच्याकडे असं बघतो जणू आम्हीच खोकलो. असो, कुठं होतो मी?

हां. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या दाराच्या पायरीवर बसतो. तिथं ते आलं. भर दुपारी, लख्ख उन्हात. आधी वाटलं, एखादं गाठोडं घरंगळत आलंय. मग गाठोड्यानं श्वास घेतला. कुत्रा म्हणावा तर मान फार लांब, आणि तोंडाच्या जागी नुसतीच लोकर, दाबून बसवल्यासारखी. डोळे नव्हते, तरी ते माझ्याकडेच बघतंय हे मला पक्कं कळत होतं. थरथरत होतं गं. एवढी लोकर अंगावर असून थरथरत होतं. मी तुझा हिरवा स्वेटर काढून त्याच्यावर टाकला, कोपराला तू भलत्याच रंगाचं ठिगळ विणलेला. खरं सांगतो, तेव्हा आपली गोष्ट डोक्यातसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते उभं होतं.

डब्यातलं अर्धं मी त्याच्यापुढं ठेवलं. लोकरीत एक फट पडली, घास आत गेला, फट मिटली. पुढच्या खेपेला डबा त्यानं हातात धरला. अंगठ्यासकट. मी आपला बोलत राहिलो. ऐकायला कुणी असलं की मी कुठं थांबतो? आपल्या घरची डुगडुगणारी खुर्ची सांगितली, आई गेल्यावरही तू तिचा पेला रोज विसळून ठेवतेस ते सांगितलं, जिन्यावर पाऊल वाजलं की तू कुंचला हवेत धरून कान देतेस ते सांगितलं. तुझा दुखरा गुडघाही सांगितला. घराचं काही निघालं की त्याची थरथर थांबायची. मला घर म्हटलं की आधी दार आठवतं, बाहेर पडायचं. त्याला तसं नव्हतं. एका दुपारी त्या लोकरीतून माझा आवाज आला.

“ताईचा गुडघा कसा आहे?”

मी पळायला हवं होतं. पळालो नाही, कारण विचारून ते उत्तराची वाट बघत थांबलं. मी तुला असं विचारून कधी थांबलोय?

त्याच सुमारास मला वास यायला लागले. ओली माती दोन गल्ल्यांपलीकडची, मुकादमाचा खोकला तो खोकायच्या आधी. शिडी चार पायांनी सोपी पडायला लागली. बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच. दुखत नाही, काळजी करू नकोस. काल मुकादम मागच्या दारी आला, स्वेटरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “भिंगऱ्या, आज चक्क जागेवर?” आणि माझ्याकडे वळून, “हाड.” मला हसू आलं. बाहेर पडलं ते हसू नव्हतं. नाव तेवढं माझ्याकडे उरलं होतं. स्वेटरवाल्याला मनात म्हटलं, तेही ठेव तुझ्यापाशी.

तर हे पत्र एवढ्यासाठी, की तो स्वेटरवाला उद्या तुझ्याकडे यायला निघतोय. पत्र आज तोच पेटीत टाकेल, माझा हात आता तिथवर पोचत नाही. या वेळी तरी ये, असं तू लिहिलं होतंस. जिन्यावर पाऊल वाजेल, माझंच वाटेल. कोपराचं ठिगळ बघ आणि दार उघड. त्याला ती डुगडुगणारी खुर्ची दे, आईच्या पेल्यात पाणी दे. केसांत काड्या सापडतील, त्या वेचून काढ. मी कुठं आहे, एवढं मात्र त्याला विचारू नकोस, तो थरथरायला लागतो. तो तुला सोडून कुठं जाणार नाही ताई. मला ते कधी जमलं नसतं. आणि त्या चिमुरडीला सांग, मुलगा मेला नाही. शेवटच्या पानावर नुसतं उघडं रान काढ, आणि अगदी कडेला, अर्धं पानाबाहेर गेलेलं, ना कुत्रा ना अस्वल असं काहीतरी, पळताना. मागं वळून बघताना काढलंस तरी चालेल.

तुझाच,
नाव आता त्याच्याकडे आहे