आठ ब्रेक पॅड आणि वुल्फ क्रीकचा घाट

१२ मे, मंगळवार. सकाळी ६.१०
काल गावातल्या सिग्नलला ट्रक थांबवला, पण मागचं घर थांबायला तयार नव्हतं. छत्तीस फुटी चाकांवरचं घर आमचं, ट्रकच्या हौद्यात मान टेकवून मागून येतं. त्यानं असा ढकलला की अर्धा ट्रक रेषेच्या पुढे. शेजारी बसलेल्या बायकोची, ग्लेनाची, कॉफी तिच्याच मांडीवर. ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.
निदान झालं. मागच्या घराचे ब्रेक पॅड संपले. एकतीस वर्षं मी शाळेतल्या पोरांना ड्रायव्हिंग शिकवलं, ब्रेकमधलं मला कळणार नाही तर कुणाला?
इथे कॅन्ससमध्ये ठीक आहे, सगळं सपाट. पण पोरीकडे, लेसीकडे, जायचं म्हणजे कोलोरॅडोतला वुल्फ क्रीकचा घाट उतरायचा. डॉक्टरांनी लेसीला ६ जूनची तारीख दिलीय. पहिलं बाळ. फोनवर विचारत होती, "डॅड, तेव्हा तुम्ही दोघं इथे असाल ना?" शब्द दिला. रॉइस टिंडलनं दिलेला शब्द आहे, चेष्टा नाही.
प्लॅन: पॅड निवडणे एक दिवस, मागवणे तीन दिवस, बसवणे एक सकाळ. २० तारखेला निघायचं म्हणजे निघायचं.

दुपारी ३
घराच्या चारी चाकांच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, ग्रीस भरलं. जावयानं, म्हणजे गॅरेटनं, रिटायरमेंटला दिलेली बॅटरीवरची ग्रीसगन. घोडा दाबला की झालं. दोन अख्ख्या नळ्या गेल्या. चाकांवरच्या घरांच्या या अख्ख्या पार्कमध्ये माझ्याइतकी निगा कुणीही राखत नाही.

१३ मे, बुधवार
वाटलं होतं तितकं सोपं नाही. पॅड दोन जातीचे: सिरॅमिक आणि सेमी-मेटॅलिक. सिरॅमिक शांत, धूळ कमी. सेमी-मेटॅलिक उताराला तापले तरी पकड सोडत नाहीत, पण डिस्क खातात. इंटरनेटवर फिफ्थ-व्हीलवाल्यांच्या, म्हणजे आमच्यासारखी घरं ओढणाऱ्यांच्या, फोरमवर प्रश्न टाकला. संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस उत्तरं. निम्मे म्हणतात सिरॅमिक, निम्मे म्हणतात सिरॅमिक घेणारा वेडा.
तक्ता करायला घेतला. ग्लेना म्हणाली की अरे, एक कुठलेतरी घे ना. तिला सांगितलं, घाटात कुठलेतरी चालत नाहीत.

१४ मे, गुरुवार. सकाळी ८
शेजारचा ऑर्व्हल कॉफीचा मग घेऊन आला. चाळीस वर्षं मालट्रक चालवले, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटतं. वाकला, चाकाच्या आत बोट घातलं, आणि काळंकुट्ट झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं. म्हणाला, "रॉइस, हे ग्रीस आहे बाबा."
म्हटलं, डांबर. टेक्सासमधून येताना रस्त्याचं काम चालू होतं.
विचारतो की एका वेळी किती भरतोस? म्हटलं, मोजून प्रेम करत नाही मी. त्यावर त्यानं कॉफी संपवली आणि तो गेला. त्याच्याकडे अजून हातानं दाबायची ग्रीसगन आहे. जळतो.

१६ मे, शनिवार
तक्त्यात आता अकरा रकाने. त्यातला एक "एकूण मत". तो रिकामा आहे.

१७ मे, रविवार
क्लबहाऊसमध्ये पॉटलक, प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा. ग्लेनाची फरसबीची कॅसरोल दरवेळेप्रमाणे पहिली संपली. मी आमच्या टेबलावर सिरॅमिक आणि सेमी-मेटॅलिकमधला फरक समजावून सांगितला. सहा जण होते. शेवटची गोड जेलो यायच्या आत टेबलावर मीच उरलो. लोकांना आपल्या जिवाची काळजी नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.
जाता जाता एका बाईंनी विचारलं की चाक काढून बघितलंत का? म्हटलं, बाई, आधी पॅड निवडायचे, मग चाक. उगाच चाक काढून ठेवायचं आणि पॅड नाहीत, असा अर्धवट कारभार आपल्याकडे नाही.

१९ मे, मंगळवार. सकाळी ९
निर्णय झाला. सिरॅमिक.

दुपारी ४.२०
सेमी-मेटॅलिक. ऑर्डर दिली. एक सेट. मोकळं वाटतंय. फोरमवर जाहीर केलं. चौघांनी अभिनंदन केलं, तेवीस जणांनी कीव केली.

२० मे, बुधवार
निघायची तारीख २५ केली. अनुभवी माणूस तारखेला चिकटून बसत नाही.
ग्लेनानं कॅलेंडरवर २७ ला लाल पेननं गोल काढला. म्हणाली, "त्या दिवशी मी जाणार. घर आलं तर घरासकट, नाही तर तसंच." लाडानं बोलते कधीकधी असं.

२३ मे, शनिवार
पॅड आले! देखणे आहेत. खोक्यात चार.
चाकं चार. एका चाकाला दोन पॅड. म्हणजे आठ लागतात. खोक्यावर लिहिलंय की एक सेट एका अ‍ॅक्सलला पुरतो, म्हणजे दोनच चाकांना. आम्हाला अ‍ॅक्सल दोन. इतक्या बारीक अक्षरात लिहिल्यावर माणसानं काय करावं?
ग्लेनाला सांगितल्यावर तिनं डोळे मिटून घेतले. मी ते थकव्यामुळे असेल म्हणून सोडून दिलं. दुसरा सेट मागवला.

२५ मे, सोमवार
मेमोरियल डे. सगळं बंद. पार्कभर झेंडे आणि बर्गरचा धूर. आज निघायचं होतं, पण राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी घाटात गर्दी असते. बरंच झालं.
लेसीचा फोन. पाय सुजलेत म्हणाली. आईशी बोलली तेव्हा बराच वेळ बोलली. माझ्याशी बोलताना म्हणाली, "डॅड, ब्रेक झाले की या. पण झाले की या हं." समजूतदार आहे पोरगी. माझ्यावर गेलीय.

२६ मे, मंगळवार
वेळ वाया जाऊ नये म्हणून घर जॅकवर उचलून चाकं काढली. आत सगळं चकचकीत काळं. कंपनीनं गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असणार. चिंधीनं पुसलं. चार चिंध्या गेल्या, पाचवी म्हणजे ग्लेनाचा चांगला टॉवेल निघाला. पुसायच्या टॉवेलवर पक्षी का छापतात?
जुने पॅड काढून बघितले. जाडजूड आहेत. नव्यांशी ताडून पाहिलं तर थोडासाच फरक. पण पॅड बाहेरून जाड दिसले तरी आतून थकलेले असतात.
ऑर्व्हल उभा होता. त्यानं एक जुना पॅड उचलला, वास घेतला, ठेवला. बोटं माझ्याच चिंधीला पुसली आणि गेला. वासावरून पॅड ओळखतात होय!

२७ मे, बुधवार. सकाळी ६.३०
ग्लेना गेली.
खरंच गेली. बाळाची गोधडी, कॅसरोलचं भांडं आणि तिची उशी घेऊन ट्रकमधून गेली. निघताना गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, "तुला अक्कल आली तर बसनं ये." म्हटलं, दोन दिवसांत घर घेऊन हजर होतो, लेसीच्या दारात पार्क करतो, बघच तू.
शांतता छान आहे. काम भराभर होईल.

दुपारी २
एक बारकावा लक्षात आला. घर ओढायला ट्रक लागतो.

२९ मे, शुक्रवार
उरलेले पॅड आले. दिवसभर काम. आठही बसवले, चाकं चढवली. कंबर गेली, पण मन प्रसन्न. शेवटचा हात म्हणून चारी हबमध्ये पुन्हा भरपूर ग्रीस. नव्या पॅडना नवं ग्रीस नको?
ग्लेनाला फोटो पाठवला. तिनं उलट लेसीच्या अंगणातला फोटो पाठवला, मागे डोंगर. लेसी केवढी दिसतेय! झोपाळ्यावर बसलीय, शेजारची जागा रिकामी. बराच वेळ बघत बसलो. उद्या ट्रायल, परवा ट्रकची सोय.

३० मे, शनिवार
ट्रायल. ऑर्व्हलनं त्याच्या ट्रकला माझं घर जोडलं. मनानं चांगला आहे. त्याच्या ट्रकमध्ये फक्त मागच्या घराचे ब्रेक लावायची वेगळी दांडी आहे. म्हणाला, "माझ्या ट्रकच्या ब्रेकला पाय लावत नाही, फक्त तुझेच ब्रेक वापरतो. मग तर खात्री पटेल?" मी म्हटलं, बिनधास्त.
ताशी दहा मैल. ऑर्व्हलनं दांडी दाबली. घर गेलं पुढे. ऑर्व्हलनं दांडी दाबून धरली. घर जातच राहिलं. चाकांतून धूर, करपल्याचा वास. मग पार्कच्या प्रवेशाची "स्वागत आहे" पाटी. ती गेली. मग ऑर्व्हलनं पाय लावला.
कुणाला लागलं नाही. पाटीचं "स्वा" शिल्लक आहे.
आता स्पष्ट झालं. सिरॅमिक घ्यायला हवे होते.

१ जून, सोमवार. सकाळी १०
ग्लेनानं तिकडून फोन करून परस्पर मेकॅनिक बोलावली. ट्वायला नाव, व्हॅनमध्ये सगळी हत्यारं. मी तक्ता प्रिंट करून ठेवला होता. तिनं तक्ता घेतला, जमिनीवर अंथरला आणि त्यावर गुडघे टेकून चाक काढलं.

११.१५
ट्वायलानं विचारलं की हबमध्ये ग्रीस कोण भरतं? म्हटलं, मी. कशानं? ग्रीसगन दाखवली. किती? म्हटलं, भरपूर.
मग तिनं मला वाकून बघायला लावलं. हबच्या मागे एक सील असतं, ग्रीस आत धरून ठेवणारं. बॅटरीच्या जोरानं मी ते चारी चाकांचं फोडलं होतं. कधीचं. ग्रीस सगळं डिस्कवर आणि पॅडवर. जुने पॅड अजून तीन-चार वर्षं सहज चालले असते, नुसते ग्रीसनं भिजले होते. नवेही भिजले.
विचारलं, मग आता सिरॅमिक की सेमी-मेटॅलिक? ती खळखळून हसली. "आजोबा, ग्रीस लागलं की दोन्ही सारखेच घसरतात."
म्हटलं, मी आजोबा नाही अजून. ६ तारखेला होईन.
तेवढ्यात फोन वाजला. ग्लेना. रडत होती की हसत होती कळेना. पहाटे पाच वाजताच झालं. मुलगी. आई-बाळ छान. लेसी विचारत होती, डॅड कुठे आहेत?
ट्वायला चाकाशी खालीच बसलेली होती. तिला सांगितलं की झालो.

दुपारी १
सील यायला चार दिवस. थांबणार नाही. ऑर्व्हल बसस्टॉपला सोडतोय. फाटकाशी पाटीचं "स्वा" लागलं. मी म्हटलं, ग्रीसचं तू सांगितलं होतंस. तो म्हणाला, "हो." मग म्हणाला, "बॅग घट्ट धर."
ग्लेनाचा मेसेज: ग्रीसगन ऑर्व्हलकडे दे. परत मागू नकोस.
दिली.

३ जून, बुधवार
दोन बस बदलल्या. शेवटच्या गावी गॅरेट घ्यायला आला. वुल्फ क्रीकचा घाट त्याच्या छोट्या गाडीतून उतरलो. काही झालं नाही. गाडी थांबायची तिथे थांबत होती. अर्ध्या घाटात त्यानं विचारलं, "मी दिलेली ग्रीसगन वापरता का हो?" म्हटलं, वापरली.
लेसी सोफ्यावर होती. मी म्हटलं, मला उशीर झाला. ती म्हणाली, "हो डॅड, झाला." रागावली असती तर बरं वाटलं असतं.
ग्लेना म्हणाली, आधी हात धू. तीनदा धुतले. मग बाळ माझ्या हातात दिलं. सात पौंड. ब्रेकबद्दल जन्मात काही ऐकलंच नाही असं गाढ झोपलेलं. झोपेतच त्या चिमुकलीनं माझं बोट धरलं.
लेसी वाकून बघत होती. म्हणाली, डॅड, नखांत हे काळं काय आहे?
मी म्हणालो, ग्रीस.